पडदा बंद, कॅमेरा चालू

लॉस एंजेलिसच्या जुन्या मध्यवस्तीतील ब्रॉडवे या रस्त्यावर, जेमतेम सहा चौकांच्या टप्प्यात, १९१० ते १९३१ या काळात बांधलेली बारा थिएटरे उभी आहेत. त्यांपैकी बहुतेकांत चित्रपटांचे रोजचे खेळ केव्हाच थांबले. पण चित्रपट दाखवण्यासाठी बांधलेल्या या वास्तू आता चित्रीकरणासाठी भाड्याने दिल्या जातात, आणि त्यांच्या देखभालीच्या खर्चाला या भाड्याचा मोठाच हातभार लागतो.

या रांगेतील ‘लॉस एंजेलिस थिएटर’ हे वास्तुरचनाकार एस. चार्ल्स ली यांचे काम. सुमारे दोन हजार आसनांचे हे थिएटर ३० जानेवारी १९३१ रोजी चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ने उघडले, तेव्हा खुद्द अल्बर्ट आइन्स्टाइन प्रेक्षकांत होते. अशा थिएटरांना अमेरिकेत ‘मूव्ही पॅलेस’, म्हणजे चित्रपटाचे राजवाडे, म्हणत असत आणि येथे ते नाव शब्दशः खरे होते: फ्रेंच राजप्रासादांच्या धर्तीचा दिवाणखाना व झुंबरे तर होतीच, शिवाय रडणाऱ्या मुलांना घेऊन बसता यावे म्हणून आवाज बाहेर न जाणारी काचबंद खोली होती, आणि चालू चित्रपट लोलकांच्या साहाय्याने तळमजल्याखालील विश्रांतिकक्षातल्या छोट्या पडद्यावरही दिसावा अशी सोय होती. मालकाला या थाटाचे इतके कौतुक होते की, उद्घाटनाच्या रात्री चित्रपट मध्येच थांबवून, दिवे लावून, वास्तूचे गुणगान ऐकवण्यात आले, आणि त्यामुळे चॅप्लिन कमालीचे संतापले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. महामंदीच्या तडाख्यात त्याच वर्षी मालकाचे दिवाळे निघाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्ग मोटारी घेऊन उपनगरांकडे गेला, घरोघरी टेलिव्हिजन आला आणि ब्रॉडवेची रया गेली. काही थिएटरे स्पॅनिश भाषेतील चित्रपटांवर तगली, काहींत प्रार्थनामंदिरे आली, तर लॉस एंजेलिस थिएटरचे नियमित खेळ १९९४ मध्ये संपले. मात्र या पडझडीतच त्यांच्या पुढच्या कमाईचे मूळ आहे, कारण नूतनीकरणात पैसा घालावा असे कोणालाच वाटले नाही, आणि म्हणून यांतील अनेकांचे गिलाव्याचे नक्षीकाम, सज्जे व रंगमंचाची कमान मोडतोडीतून वाचली. मुंबईत धोबीतलावच्या ‘मेट्रो’ची गत उलट झाली. हॉलिवूडच्याच एमजीएम कंपनीने अमेरिकन वास्तुरचनाकार थॉमस लॅम्ब यांच्याकडून आराखडा करवून घेऊन १९३८ मध्ये बांधलेले हे थिएटर चालू राहिले खरे, परंतु त्यासाठी त्याला आतून विभागून मल्टिप्लेक्स व्हावे लागले.

भूगोलही ब्रॉडवेच्या पथ्यावर पडला. हॉलिवूडमधील कामगार संघटनांच्या करारांनुसार शहरातील एक ठरावीक चौक केंद्र मानून तीस मैलांच्या त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. त्याच्या बाहेर चित्रीकरण केल्यास प्रवासभत्ता वगैरे वाढीव खर्च निर्मात्यावर पडतो, आणि ब्रॉडवे या वर्तुळाच्या अगदी आत आहे. शिवाय ज्या थिएटरात खेळच नाहीत, तेथे मॅटिनीच्या आत सामान आवरण्याची घाई नसते. अशा एका वास्तूत रंगमंच, सज्जा, जिने, रंगपटाच्या खोल्या व तळघर अशी निरनिराळी स्थळे एकाच छपराखाली मिळतात.

गंमत अशी की, या थिएटरांच्या वाट्याला स्वतःची भूमिका क्वचितच येते. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘द प्रेस्टिज’मध्ये (२००६) जादूगारांचे लंडन रंगवण्यासाठी लॉस एंजेलिस, पॅलेस, टॉवर व बेलास्को ही चार थिएटरे वापरली गेली. त्यांपैकी टॉवरचा अंतर्भाग त्याआधी डेव्हिड लिंच यांच्या ‘मलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये (२००१) ‘सिलेन्सिओ’ नावाचा गूढ क्लब झाला होता. पॅलेसची दर्शनी बाजू मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मध्ये (१९८३) दिसते, आणि तेथे ती निदान थिएटर म्हणूनच दिसते.

पण कॅमेऱ्याने दिलेले हे जीवदान अपुरे आहे, हेही नोंदवले पाहिजे, कारण त्याने भिंती वाचतात, प्रेक्षक परत येत नाही. टॉवरमध्ये २०२१ पासून ॲपल कंपनीचे दुकान आहे. शहरालगतच्या साउथ पॅसाडीना येथील ‘रिआल्टो’ हे १९२५ चे थिएटर २००७ मध्ये बंद पडले आणि पुढे ‘ला ला लँड’मध्ये (२०१६) झळकले. त्या चित्रपटात ते आधी चालू व नंतर बंद झालेले दिसते. चालू असल्याचा देखावा उभा करावा लागला, बंद असल्याचा मात्र आयताच मिळाला.