गृहरचना, वाळवंटी
गृहरचना, वाळवंटी : अत्यल्प पाऊस, प्रखर ऊन आणि दिवस व रात्र यांच्या तापमानांत मोठी तफावत असलेल्या प्रदेशात पाणी, थंडावा व बांधकाम-साहित्य यांबाबतीत शक्य तितके स्वावलंबी असे लहान घर उभारण्याचे तंत्र. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे थरच्या वाळवंटातील घरांचा विचार केला असून अन्य प्रदेशांचे उल्लेख तुलनेपुरते आले आहेत.

जैसलमेर जिल्ह्यात वार्षिक पर्जन्य सरासरीने २०० मिमी.हून कमी आहे व तोही मोजक्या दिवसांतच पडतो. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१° से. तापमान नोंदले गेले. उलट हिवाळ्यात याच पट्ट्यात रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ येते. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्याने जमीन दिवसा जितक्या झपाट्याने तापते, तितक्याच झपाट्याने रात्री उष्णतेचे प्रारण होऊन थंड होते. वाळवंटी घराची सारी रचना या आंदोलनावर आधारलेली असते. मातीच्या ३० ते ४० सेंमी. जाडीच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचण्यास सु. १० ते १२ तास लागतात. त्यामुळे दुपारची झळ मध्यरात्रीच्या सुमारास आत येते व तेव्हा ती उघड्या दारातून बाहेर घालविता येते. पातळ पत्र्याच्या वा सिमेंट-काँक्रीटच्या उघड्या छपराला हा विलंब साधत नाही. उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन भिंतींपेक्षा छपरावर पडत असल्याने भिंती जाड पण छप्पर पातळ असे घर राहण्यास जवळजवळ निरुपयोगी ठरते. शासकीय घरकुलांपैकी पुष्कळांत ही चूक झालेली दिसते.

खिडक्या लहान, उंचावर व संख्येने थोड्या ठेवतात. दिवसा त्या बंद व रात्री उघड्या ठेवणे हे वायुवीजनाचे सूत्र होय. आयताकृती घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन कमीत कमी भिंतीवर पडते. पाण्याने भिजविलेल्या ताट्यांवर चालणारा वातशीतक कोरड्या हवेत उत्तम काम देतो; तथापि तासाला कित्येक लिटर पाणी खर्चणारे हे साधन जेथे पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते, तेथे स्वावलंबी म्हणता येत नाही.

मारवाडात शेतातच वस्ती करून राहण्याची पद्धत असून अशा विखुरलेल्या वस्तीस ‘ढाणी’ म्हणतात. तीमधील पारंपरिक घर म्हणजे ‘झोंपा’. ही एकदालनी वर्तुळाकार झोपडी शेणमातीच्या भिंतींची असते. तिच्या शंकूसारख्या छपरावर खींप, सिणिया यांसारख्या स्थानिक वनस्पतींचे किंवा बाजरीच्या काडाचे शाकार घालतात. वर्तुळाकार भिंतीवर वाळूचे वादळ फारसा जोर धरीत नाही आणि तेवढ्याच क्षेत्रासाठी भिंतीची लांबीही कमी लागते. स्वयंपाकाची, धान्याची व झोपण्याची अशा निरनिराळ्या झोपड्या एका अंगणाभोवती बांधून सभोवार काटेरी कुंपण घालतात. उन्हाळ्यात कुटुंब रात्री या अंगणातच निजते. म्हणून अंगण हे घराचे एक दालनच मानले पाहिजे.

घराच्या स्वावलंबनाची खरी कसोटी पाण्याची आहे. भूजल पुष्कळ ठिकाणी खारे किंवा फ्ल्युओराइडयुक्त असल्याने पावसाचे पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली ‘टांका’ बांधतात. त्याभोवतीची जमीन चोपून, उतार देऊन तयार केलेल्या पाणलोटास ‘आगोर’ म्हणतात. पावसाळ्यापूर्वी तो झाडून स्वच्छ करतात, त्यावर पादत्राणे घालून जात नाहीत आणि पहिल्या सरीचे पाणी आत घेत नाहीत. टांक्याच्या तोंडाशी जाळी व वर झाकण असते; अनेक घरी झाकणाला कुलूपही असते. एक चौ. मी. क्षेत्रावर एक मिमी. पाऊस पडल्यास एक लिटर पाणी मिळते. सहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज १० लिटर धरल्यास वर्षाला सु. २२,००० लिटर पाणी लागते. ३ मी. व्यासाच्या व तितक्याच खोल टांक्यात सु. २१,००० लिटर पाणी मावते. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (स्थापना १९५९) सुधारलेल्या कौटुंबिक टांक्याची क्षमताही एवढीच आहे. २०० मिमी. पाऊस आणि निम्मे पाणी जमिनीत व बाष्पीभवनात जाते असे गृहीत धरले, तर हा टांका भरण्यास २१० चौ. मी. आगोर लागतो. म्हणजे राहत्या झोपडीच्या कितीतरी पट जागा पाण्यासाठी राखावी लागते, ही गोष्ट शहरी आराखडे करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. शाकारलेल्या छपरावरचे पाणी पिण्यायोग्य नसते. दगडी पट्ट्यांच्या छपरावरचे पाणी घेता येते. पण ३० चौ. मी. छपरावर २०० मिमी. पावसात फार तर ६,००० लिटर पाणी पडते. गुरांची गरज या हिशेबात धरलेली नाही. अवर्षणाच्या वर्षी टांका रिकामा राहतो व बाहेरून आणलेले पाणी साठविण्याचे पात्र एवढेच त्याचे काम उरते. त्यामुळे वापरातील काटकसर हा रचनेचाच भाग ठरतो; भांडी राखेने किंवा वाळूने कोरडी घासण्याची चाल त्यातूनच पडली.

मातीचे घर पाण्यात टिकत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन कवास व आसपासच्या गावांतील असंख्य मातीची घरे ढासळली. जमिनीखाली जिप्समचा अपार्य थर असल्याने पाणी मुरले नाही व ते दीर्घकाळ साचून राहिले. थरच्या काही भागांत असाच थर पावसाचा ओलावा खाली खाऱ्या पाण्यात जाऊ न देता अडवून धरतो व त्यावरच ‘कुंई’ ही अरुंद विहीर गोडे पाणी देते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. पुरानंतर बाडमेरमध्ये थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटांची वर्तुळाकार घरे बांधण्यात आली.

भूकंपाच्या दृष्टीनेही जाड भिंतींचा विचार करावा लागतो. कच्छमधील बन्नी भागातील ‘भुंगा’ हे गोल घर २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात आयताकृती दगडी घरांच्या मानाने चांगले टिकले. त्याचा गोल आकार व हलके शंक्वाकृती छप्पर ही त्याची कारणे होत. याउलट, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार यांमुळेच प्रचंड मनुष्यहानी झाली. माळवद उन्हापासून उत्तम रक्षण करते. पण त्याचे वजन पेलण्यास भिंतीतील दगड एकमेकांत गुंफलेले नसल्यास ते घातक ठरते.

ईजिप्शियन वास्तुविशारद हसन फाथी (१९००–८९) यांनी लाकडाच्या टंचाईवर उपाय म्हणून न्यूबियातील कच्च्या विटांच्या कमानीचे तंत्र पुनरुज्जीवित केले. या कमानीस बांधताना खालून लाकडी साच्याचा आधार लागत नाही. लक्सॉरजवळील नव्या गुर्ना गावाचे काम त्यांनी १९४५ नंतर हाती घेतले. परंतु ज्यांच्यासाठी ते होते त्या ग्रामस्थांनी स्थलांतरास विरोध केला आणि घुमटाकार छपराचा संबंध थडग्यांशी जोडला जात असल्याने ते त्यांना रुचलेही नाही. गाव अपुरेच राहिले. तंत्र निर्दोष असूनही रहिवाशांची संमती नसल्यास काय होते, याचे हे उदाहरण वास्तुशास्त्राच्या अभ्यासात वारंवार दिले जाते.

थरमध्येही झोंपा मागे पडत आहे. दरवर्षी भिंती लिंपणे व काही वर्षांनी शाकार बदलणे अपरिहार्य असते आणि लिंपणाचे कष्ट बहुतांशी स्त्रियांनाच पडतात. पाणीही त्याच आणतात. पत्र्याच्या घरात उकाडा अधिक असूनही ते अनेकींना हवेसे वाटते, याचे कारण हे आहे. दाबलेल्या विटांच्या भिंतींना हे वार्षिक लिंपण लागत नाही. छपरासाठी मात्र दगडी पट्ट्यांवर मातीचा थर व वर चुन्याचा पांढरा गिलावा हा पर्याय उरतो. त्यावरचे पाणी टांक्यात घेता येते. दिवे व पंखा यांपुरती वीज छपरावरील लहान सौर तक्त्यांपासून मिळू शकते. त्यांवर बसलेली धूळ पाण्याऐवजी कोरड्या फडक्याने किंवा मऊ ब्रशाने पुसावी लागते.