तलफ, यकृत आणि यंत्रमाग

भिवंडीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात एकाच पाळीवर उभे राहणारे, एकाच खोलीत पथारी पसरणारे आणि एकाच टपरीवर उधारी ठेवणारे दोन मजूर घेतले, तरी एकाला दिवसाकाठी दोन बिड्या पुरतात आणि दुसऱ्याचे बंडल दुपारपूर्वीच रिते होते. आणि आपण तो फरक दुसऱ्याच्या दुर्बल मनोनिग्रहाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. वास्तविक त्यातील बरीच रक्कम त्याच्या यकृताच्या नावे पडावयास हवी.

धुरातून रक्तात उतरलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदू गाठते, आणि पुढे त्याचा मोठा हिस्सा यकृतातील सीवायपी२ए६ नावाचे विकर कोटिनिनमध्ये रूपांतरित करून निकालात काढते. हे विकर घडविणाऱ्या जनुकाची काही रूपे मंद असतात. ज्याच्या वाट्यास ती आली, त्याच्या रक्तात निकोटिन रेंगाळते आणि पुढची तलफ उशिरा येते. ज्याचे विकर तडफदार, त्याचा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जातो. २००८ साली ज्याचा या सवयीशी संबंध उघड झाला, त्या पंधराव्या गुणसूत्रावरील सीएचआरएनए५ जनुकाची तऱ्हा निराळी: त्याचे एक रूप असे की, मात्रा वाढल्यावर जी शिसारी येऊन माणूस थांबावयाचा, ती शिसारीच बोथट होते.

मात्र हे सारे पहिल्या बिडीनंतरचे. पहिली बिडी ओठी लागते ती बहुधा सोबतीमुळे आणि स्वभावामुळे. सिगारेट ओढणारे अधिक बहिर्मुख असतात, असे हान्स आयसेंक यांनी १९६० साली मांडले. पुढे उतावळेपणा व नावीन्याची ओढ यांचा संबंध आरंभाशी, तर चिंतातुरतेचा संबंध सवय न सुटण्याशी दिसून आला. स्वभावही अंशतः वारशानेच येत असल्यामुळे जनुक व स्वभाव यांना वादी-प्रतिवादी म्हणून समोरासमोर उभे करता येत नाही. संख्याशास्त्राचे आचार्य रोनाल्ड फिशर यांनी १९५८ साली जुळ्यांच्या साक्षीवरून सिगारेट व कर्करोग या दोहोंचे मूळ एकाच आनुवंशिक प्रकृतीत असावे, अशी वकिली केली होती. ते स्वतः पाइप ओढीत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, हे सांगितल्यावाचून तो जबाब नोंदवू नये.

भिवंडीत मात्र प्रकृतीलाही कारखान्याचा हुकूम मानावा लागतो. मागाभोवती सुताची तुसे तरंगत असताना आत विस्तव नेणे धोक्याचे, आणि धावता माग सोडून बाहेर जाण्याची मुभा क्वचित. तेव्हा तेच यकृत आणि तोच स्वभाव घेऊन आलेला मजूर तळहातावर तंबाखू-चुना अंगठ्याने मळतो, थाप मारून भुकटी उडवितो आणि ओठामागे बार भरून पुन्हा धोट्याकडे वळतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. जनुकशास्त्राची मापे बहुतांशी दिवसाकाठच्या सिगारेटींत मोजलेली आहेत. त्या मापाने हा बार भरणारा मजूर निर्व्यसनी ठरावयाचा.