पिंप किती खोल, पाणबुडी किती खोल

डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकांनी ठासलेलं पिंप. ठरवलेल्या खोलीवर पाण्याचा दाबच त्याची कळ दाबतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांची पिंपं फार तर ३०० फुटांवर, म्हणजे सुमारे ९० मीटरवर फुटत. परभणीकरांसाठी सांगायचं तर येलदरी धरणाच्या उंचीच्या जवळपास दुप्पट. जर्मन पाणबुड्या मात्र दोनशे मीटरही गाठत! शिवाय ३०० फुटांपर्यंत बुडायला पिंपाला अर्धं मिनिट तरी लागे. तेवढ्यात पाणबुडी वळलेली असे.

पुढे ‘लिंबो’ या उखळी तोफेनं खोलीचा प्रश्न बराचसा सोडवला. उरला पल्ला, जेमतेम ९०० मीटर. मुंबईहून निघालेल्या ‘खुकरी’ या भारतीय युद्धनौकेवर लिंबोच होती. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’नं तिला दुरूनच टॉर्पेडोनं गाठलं. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १९४ जण गेले.