कळवणच्या जमिनीवर कोणाकोणाचा अधिकार?

कळवण तालुक्यातल्या आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन बिगरआदिवासीला परस्पर विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यांनाही आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. हा राज्याचा कायदा. जमीन हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत आहे, त्यामुळे एरवी अशा बाबतीत दिल्लीचा संबंध सहसा येत नाही. कळवणमध्ये तो येतो, कारण या तालुक्याला पाचवी अनुसूचीही लागू आहे.

ही अनुसूची ज्याला लागू होते ते अनुसूचित क्षेत्र कोणते, हे राष्ट्रपती ठरवतात. महाराष्ट्रासाठीच्या १९८५ च्या आदेशात नाशिक जिल्ह्यातले पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके आहेत. राज्यपाल या क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना पाठवतात आणि त्याबाबत केंद्र राज्याला निर्देश देऊ शकते. पण तहसील, आश्रमशाळा, कळवणचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय हा रोजचा कारभार राज्याकडेच राहतो.

केंद्र आणि राज्य या दोन्हींच्या मध्ये राज्यपाल आहेत आणि त्यांचे अधिकार दोन प्रकारचे आहेत. पहिला असा की, संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा या क्षेत्राला लागू नाही, किंवा बदल करून लागू आहे, असे ते अधिसूचनेने जाहीर करू शकतात. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींविषयीचा कायदा; त्याच्या नावाने गावांना मिळणाऱ्या ‘पेसा ५ टक्के अबंध निधी’ची वाट २०१४ मध्ये राज्यपालांच्या अशाच अधिसूचनेने मोकळी झाली. दुसरा अधिकार जमिनीचे हस्तांतर, सावकारी अशा विषयांवर विनियम करण्याचा. त्यासाठी आदिवासी सल्लागार परिषदेशी विचारविनिमय सक्तीचा आहे, आणि राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत विनियम अमलात येत नाही. या परिषदेत जास्तीत जास्त वीस सदस्य असतात आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातींचे आमदार असावे लागतात.

राज्यपालांच्या अधिकारालाही मर्यादा आहे. आंध्र प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांसाठी स्थानिक अनुसूचित जमातींना शंभर टक्के आरक्षण देणारा राज्यपालांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द केला. पाचवी अनुसूची मूलभूत हक्कांच्या वर नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

आता ग्रामसभा. पंचायतींविषयीचा संविधानाचा नववा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. तो अपवाद व बदलांसह लागू करण्याचा अधिकार संसदेला आहे. तो वापरून संसदेने १९९६ मध्ये पेसा कायदा केला. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी, गौण वनोपजाची मालकी गावाकडे असावी, असे त्यात आहे. मात्र पंचायतींचा प्रत्यक्ष कायदा राज्याच्या विधिमंडळाचा असल्याने संसदेने राज्यांनाच सांगितले की याच्याशी विसंगत कायदे करू नका. महाराष्ट्राचे पेसा नियम आले ते २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी.

या रचनेत कोणाला एकट्याने मनमानी करता येत नाही, पण कोणी एकाने चालढकल केली तर बाकीचे अडून राहतात. म्हणून कळवणच्या गावकऱ्याने आधी विचारावे की आपले काम कायद्यात अडले आहे, की नियमात, की अंमलबजावणीत. कायद्यात असेल तर संसदेकडे किंवा विधिमंडळाकडे, नियमात असेल तर मुंबईकडे, आणि अंमलबजावणीत असेल तर ग्रामसभेचा ठराव हातात घेऊन प्रकल्प कार्यालयाकडे जावे लागते.