सरासरीच्या आड वाहणारे पाणी

जमिनीत मुरलेले पाणी आपोआप गाळून निघते हा समज फार जुना आहे, आणि तो निम्मा खराही आहे. गढूळपणा वाळू अडवते, बरेचसे जिवाणू वाटेतच अडकून मरतात. पण विरघळलेले नायट्रेट किंवा क्लोराइड कोणती गाळणी अडवणार? पाणी जिथून जाईल तिथून तेही जाते. ते किती वेगाने जाते, किती पसरते आणि पसरताना खरोखर सौम्य होते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिसऱ्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते.

पहिल्याचा पाया फ्रान्समधल्या दिजाँ शहराचे अभियंते आँरी दार्सी यांनी घातला. वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून त्यांनी १८५६ साली नियम मांडला: पाण्याच्या पातळीला जितका उतार, तितका प्रवाह. हा हिशेब सरासरीचा आहे. प्रत्यक्षात छिद्राच्या मध्यावरचे पाणी पुढे धावते, कणांलगतचे रेंगाळते, वाळूच्या थरातले झपाट्याने जाते आणि चिकणमातीतले जवळपास थांबते. अमेरिकेतले चार्ल्स स्लिक्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका विहिरीत क्षार घालून उताराकडच्या विहिरीत त्याची वाट पाहिली. तो एकदम आला नाही. हळूहळू वाढत आला. ती हळूहळू वाढ म्हणजेच फैलाव.

या फैलावाचे अतिशय बारकाईने केलेले एक मोजमाप कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, बोर्डन लष्करी तळावर झाले. वॉटर्लू आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी ऑगस्ट १९८२ मध्ये क्लोराइड, ब्रोमाइड आणि पाच सेंद्रिय रसायने मिसळलेले सुमारे १२ घनमीटर पाणी वाळूच्या थरात सोडले. खाली नमुने घेण्याची सुमारे पाच हजार ठिकाणे तयार होती. क्लोराइड दिवसाला सुमारे ९ सेंटिमीटर सरकत गेले. त्याचा ढग प्रवाहाच्या दिशेने लांबत गेला, आडवा थोडाच पसरला, खोलीत जवळपास नाहीच. सेंद्रिय रसायने वाळूच्या कणांना चिकटत, सुटत मागे पडली. काही तर कित्येक पटींनी. एकाच दिवशी सोडलेल्या पदार्थांची अशी फाटाफूट झाल्यावर एका रसायनाच्या तपासणीवरून दुसऱ्याबद्दल निर्धास्त राहता येत नाही.

बोर्डनची वाळू तरी बऱ्यापैकी एकसारखी होती. अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबस इथल्या थरात रेती, गोटे आणि गाळ यांची सरमिसळ आहे. तिथे १९८६ साली सोडलेल्या ब्रोमाइडची सर्वाधिक तीव्रता दीड वर्षानंतरही सोडल्या जागेपासून काही मीटरवरच होती, तर आघाडीचे टोक दोनशे मीटरपलीकडे पोचले होते. सरासरी वेगावर विसंबून या टोकाचा अंदाज बांधला असता, तर तो किती फसला असता! मला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो.

आता तिसरा प्रश्न. ढग लांबला, त्याला बोटे फुटली, म्हणजे तो पसरला. पण प्रत्येक बोटातली तीव्रता पूर्वीइतकीच असू शकते. ती खरोखर उतरते ती रेणूंच्या विसरणामुळे, आणि विसरण अतिशय मंद असते. एक मिलिमीटर अंतर काही मिनिटांत कापणाऱ्या रेणूला एक मीटर पार करायला, सच्छिद्र मातीत, दशके लागू शकतात. कारण अंतर हजारपट झाले की वेळ दहा लाखपट होतो. शिवाय हा व्यवहार दोन्हीकडून चालतो. दूषित पाणी वाहत असताना रसायन शेजारच्या चिकणमातीत शिरते. वाळूतले पाणी स्वच्छ झाले की तेच चिकणमातीतून परत पाझरू लागते. वर्षानुवर्षे पंप चालवून थर धुतला आणि पंप बंद करताच प्रदूषण पुन्हा वर आले, असे अनेक ठिकाणी घडते ते यामुळेच.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे. इथे पाणी वाळूतून नव्हे, भेगांतून, सच्छिद्र थरांतून आणि मुरमातून चालते, त्यामुळे वेगांतली तफावत आणखी मोठी. विहिरीला वेगवेगळ्या खोलीवर झरे फुटतात आणि बादलीत येते ते सगळ्यांचे मिश्रण. समजा, तीन सारखेच झरे आहेत: एकात लिटरला १२० मिलिग्रॅम नायट्रेट, उरलेल्या दोहोंत ५-५. नमुना ४३ दाखवेल. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ४५ आहे, म्हणजे अहवाल निर्दोष. उन्हाळ्यात नेमके ते दोन स्वच्छ झरे आटले, तर त्याच विहिरीतून घरात १२० मिलिग्रॅमचे पाणी येईल. म्हणून नमुना कोणत्या महिन्यात, किती खोलीवरून आणि उपसा किती वेळ चालू असताना घेतला, हे अहवालावर आकड्याइतक्याच ठळकपणे लिहिले गेले पाहिजे.