माप कुणाचं?

माझ्या भाचीला कपड्यांचं भारी वेड. मॉडेल व्हायला मुंबईला गेली आणि एका निवडीत ‘उंची कमी, कंबर जास्त’ असं ऐकून परतली. म्हणाली, ‘‘मामू, मीच चुकीच्या मापाची आहे का?’’

तर मंडळी, भानगड अशी. फॅशन शोचे कपडे आधी नमुना म्हणून शिवतात, बहुधा एकाच बारीक मापात. तोच कपडा आज हिच्या, उद्या तिच्या अंगावर चढवायचा, म्हणून मुलीही त्याच मापाच्या शोधतात. सोय शिवणाऱ्याची, नाव मात्र सौंदर्याचं! आमच्या मोहल्ल्यातले दर्जीचाचा आधी माणूस मोजतात, मग कापड कापतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरी दाखला लागतो, ते बरंच झालं.

पण माप नुसतं कंबरेचं नसतं. केनियातल्या निर्वासित छावणीत जन्मलेली हलिमा एडन हिजाब घालून रॅम्पवर चालली, गाजली. पुढं एका जाहिरातीत हिजाबाच्या जागी तिच्या डोक्याला जीन्स गुंडाळली. २०२० मध्ये तिनं ते काम सोडलं.

भाची सध्या दर्जीचाचांकडे बेतायला शिकते आहे. मॉडेलिंगचा अर्जही तिनं पुन्हा भरलाय.