शिदोरीतील भाकरी आणि कारखान्याचा डबा

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात उजाडण्यापूर्वीच कामगारांची गर्दी जमू लागते. सकाळची पाळी धरावयाची असल्याने प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी व पिशवीत जेवणाचा डबा असतो. कंपनीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या या मंडळीत खेड, मावळ व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांची मुले पुष्कळ असतात. त्यांचे आजोबा याच वेळी औत घेऊन शिवाराकडे निघत आणि उन्हे वर आल्यावर घरची कारभारीण त्यांची भाकरी बांधावर पोचवीत असे. फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी, तीवर झुणका किंवा मिरचीचा खर्डा, मुठीने फोडलेला कांदा आणि असल्यास तांब्याभर ताक, एवढाच त्या जेवणाचा थाट. नातवाच्या डब्यात आज गव्हाच्या तीन-चार चपात्या, बटाट्याची किंवा कोबीची सुकी भाजी व थोडा भात असतो. या पालटात घराने काय मिळविले व काय गमावले, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही.

पालट एका दिवसात झालेला नाही. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या शिवारात कारखाने भराभर उभे राहिले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांपर्यंत गेली. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली होती. त्यामुळे मोठ्या कारखान्यांतून भात, आमटी, चपाती व भाजी असे ताट रूढ झाले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे सुकडी व आयात केलेल्या मिलोची गोष्ट अजून सांगतात. पुढे गहू सुलभ झाला आणि सणावारी होणारी पोळी रोजची चपाती बनली. सरकारी अन्नछत्रांतूनही हेच दिसते. १९९५ साली राज्यात सुरू झालेल्या एक रुपयाच्या योजनेचे नाव झुणका-भाकर होते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण व भात ठरविण्यात आला.

झुणका-भाकरीची जोडी पूर्वजांनी आहारशास्त्र वाचून जमविली नव्हती, तरी ती शास्त्राला धरून आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि हरभऱ्यात तो भरपूर असतो. उलट डाळीत जे उणे असते ते धान्य पुरविते. म्हणून भाकरीबरोबर पिठले, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा शेंगदाण्याची चटणी खाल्ल्यास दोहोंचा गुण वाढतो. चपातीबरोबर नुसती बटाट्याची भाजी खाल्ल्याने पोट भरते, पण ही जोड तुटते. वडापावात तर मैदा आणि बटाटा या दोन्ही पिष्टमय पदार्थांचाच भार असतो. वड्यावर बेसनाचे पातळ आवरण असते, एवढाच काय तो डाळीचा अंश. भुकेल्या वेळी तो गोड लागतो, यात शंका नाही.

सर्वांत मोठी उणीव लोहाची आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. तेवढ्याच पांढऱ्या सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. गहू या दोहोंच्या मध्ये बसतो. प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम व स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह लागते, अशी शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली केली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पहाटे चारला उठून डबा करणारी, सर्वांमागून उरलेले खाणारी गृहिणी याच निम्म्यांत असण्याचा संभव अधिक असतो.

बाजरीतील लोह सर्वच अंगी लागते असे नाही. धान्यातील फायटेट ते अडवून धरते. पण लिंबाची फोड, कोथिंबीर, पेरू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्वामुळे ते शोषले जाण्यास मदत होते. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा याच्या नेमके उलट करतो. कारखान्यातील जेवणाच्या सुटीत ताट हातावेगळे करून लगेच चहाच्या टपरीकडे वळण्याची रीत आहे. तो चहा तासाभराने घेतला तर अंगमेहनत करणाऱ्यास काही तोटा नाही.

इतके गुण असूनही भाकरी डब्यातून का गेली? तिची थोरवी गाणारा बहुधा ती थापणारा नसतो. पहाटे साडेपाचला भरलेला डबा दुपारी बारा वाजता उघडला जातो. तोवर बाजरीची भाकरी कडक होते, चपाती मऊ राहते. भाकरीचे पीठ हाताने मळून एकेक भाकरी थापावी लागते. शिवाय बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ आठवड्या-दोन आठवड्यांत कडवट होते. गव्हाचे पीठ महिनाभर टिकते. ज्या घरातील स्त्रीही पाळीवर जाते, तिथे भाकरीचा आग्रह धरणे म्हणजे तिच्या झोपेवर घाला घालणे होय.

यावर उपाय घरच्या रीतीतच आहेत. पीठ एका वेळी आठ दिवसांपुरतेच दळावे. भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगले मळावे आणि भाजलेल्या भाकरीची वाफ निघून गेल्यावर ती सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. डब्यासाठी सर्वांत सोयीचे ते थालीपीठ. बाजरी, ज्वारी, गहू, हरभरा डाळ, उडीद व धने वेगवेगळे भाजून दळलेली भाजणी अधिक काळ टिकते. कारण पीठ कडवट करणारे विकर भाजण्याने निष्प्रभ होते. तेलामुळे थालीपीठ दुपारपर्यंत मऊ राहते, आणि त्यात मेथी किंवा शेपू चिरून घातल्यास निराळी भाजी लागत नाही. चाकणच्या बाजारात मेथी, शेपू व कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग लागतात. ज्या गावांतून ही भाजी तेथे जाते, त्याच गावांच्या डब्यांत कोबी-बटाटाच दिसावा, ही विसंगती डोळ्यांत भरते.

महाळुंगे-कुरुळी भागात अनेक शेतकऱ्यांनी उरल्या जागेवर भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत. त्यांत विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-ओडिशापर्यंतचे तरुण राहतात व खाणावळीचा डबा घेतात. या खाणावळी पुष्कळदा गावातील स्त्रियाच चालवितात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांस भाजणी व ताजे बाजरीचे पीठ पुरविण्याच्या कामी लावल्यास आसपासच्या बाजरीला गावातच गिऱ्हाईक मिळेल. खाणावळीत आठवड्यातून दोन दिवस उसळ व भाकरी ठेवूनही आरंभ करता येतो. दूरच्या प्रांतातील माणसास भाकरी रुचेलच असे नाही. त्यास थालीपीठ अधिक लवकर आवडते.

बाजरी पेरणाऱ्यांनी धनशक्ती या वाणाचा विचार करावा. इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तयार झालेला हा लोहसमृद्ध वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. अशाच लोहसमृद्ध बाजरीची भाकरी महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने दिली असता त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कारखान्यांच्या मधोमध उरलेल्या एकट्या शेतावर पाखरे तुटून पडतात, ही तक्रार रास्त आहे. म्हणून चार-पाच शेजाऱ्यांनी लागून असलेल्या वावरांत एकाच सुमारास पेरणी करावी व राखण वाटून घ्यावी. हेक्टरी तीन ते चार किलो बी पुरते. पेरणी जुलैच्या मध्यापर्यंत आटोपावी. हा वाण संकरित नसल्याने त्याचे बी दोन-तीन हंगाम घरचे वापरता येते. मात्र बियाण्याचे वावर इतर बाजरीपासून दूर असावे आणि कणसे कडेची न घेता मधल्या ओळींतील, भरदार व रोगमुक्त पाहून निवडावीत.